मांजराची गेलेली दृष्टि

मांजर डोळे मिटून दूध पितें, असें आपण म्हणतों. आपले डोळे मिटले म्हणजे जगाचेहि मिटले, असें त्या प्राण्याला वाटतें, हा त्या म्हणण्याचा भावार्थ. मांजराला खरोखर काय वाटतें तें असो. पण डोळे कायमचे मिटलेलें मांजरहि दुधाची वाटी अचूक शोधून काढतें, ही गोष्ट मात्र खरी आहे. तें त्याला कसें साधतें, आणि मुळांत डोळा जाऊंच नये म्हणून घरच्या माणसांनीं काय करावें, या दोन प्रश्नांचा येथें विचार करावयाचा आहे.

कोल्हापूरहून दक्षिणेकडे जाणाऱ्या महामार्गावर कागल लागतें. त्या परिसरांत पंचतारांकित औद्योगिक वसाहत पसरली आहे. हें भारदस्त विशेषण उद्योगांना मिळणाऱ्या सोयींवरून आलेलें. मांजराला त्यांतील एकहि तारा ठाऊक नाहीं. त्याला ठाऊक असतात ते उपाहारगृहामागचे उकिरडे आणि गोदामांतले उंदीर. अशा कोणत्याहि वसाहतींत मांजराच्या डोळ्याला अपाय करणाऱ्या वस्तूंची वाण नसते. धातूचा बारीक कीस, ओतकामाची वाळू, सफाईसाठीं ठेवलेले दाहक क्षार आणि अहोरात्र धांवणाऱ्या मालमोटारी या सगळ्यांतून त्याला वाट काढावी लागते. तरीहि मांजराच्या डोळ्याचा मोठा शत्रु यंत्र नव्हे. दुसऱ्या मांजराची नखी, हा आहे. आणि ती नखी कारखान्याच्या आवारांत जितकी तीक्ष्ण, तितकीच पेठेंतल्या वाड्याच्या गच्चीवरहि असते.

डोळ्याच्या पुढच्या भागावर घड्याळाच्या कांचेसारखा एक पारदर्शक पडदा असतो. त्याला पारपटल म्हणतात. त्यांत रक्तवाहिन्या नसतात, म्हणूनच तो स्वच्छ राहतो. पण मज्जातंतु मात्र विपुल असतात, म्हणून त्यावरचा लहानसा ओरखडाहि अतिशय दुखतो. मांजराला वरच्या व खालच्या पापणीखेरीज नाकाकडच्या कोपऱ्यांत आणखी एक, तिसरी पापणी असते. डोळा दुखूं लागला कीं ती पांढुरकी पापणी अर्ध्या डोळ्यावर सरकते. मांजर आपलें दुखणें लपविण्यांत मोठें निष्णात असतें. तेव्हां तें ओरडत नाहीं, यावरून त्याला दुखत नाहीं असें समजूं नये. डोळा अर्धवट मिटणें, पाणी गळणें, तिसरी पापणी वर येणें, बुबुळावर निळसर धुकें दिसणें, दोन बाहुल्या लहानमोठ्या होणें, यांपैकीं एक चिन्ह दिसलें तरी त्याच दिवशीं पशुवैद्याला गांठावें.

हा ‘त्याच दिवशीं’ फार महत्त्वाचा आहे. नखींतून जखमेंत जंतु शिरले, तर त्यांच्या स्रावांनीं पारपटल अक्षरशः विरघळूं लागतें आणि एकदोन दिवसांतच डोळ्याला छिद्र पडूं शकतें. क्षार किंवा चुना डोळ्यांत गेला असेल, तर वैद्याकडे निघण्यापूर्वींच स्वच्छ पाण्याच्या संथ धारेनें पंधरा-वीस मिनिटें डोळा धुवावा; कारण क्षार आम्लापेक्षांहि खोल शिरत जातो. उलट डोळ्यांत कांहीं रुतलें असेल, तर तें उपटूं नये, डोळा दाबूं नये. मांजराला पेटींत घालून न्यावें.

काय करूं नये, तेंहि सांगितलें पाहिजे. मध, गुलाबपाणी, दूध किंवा काजळ डोळ्यांत घालूं नये. घरांत कोणाच्या तरी डोळ्यांसाठीं आणलेली औषधाची कुपी उरलेली असते; तींत स्टेरॉइड असलें, तर जखम भरण्याऐवजीं चिघळते. वेदना थांबावी म्हणून माणसाला चालणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कदापि देऊं नये. तें द्रव्य निकामी करण्याची शक्ति मांजराच्या यकृतांत फारच थोडी असते, आणि एका गोळीनेंहि त्याचा प्राण जाऊं शकतो.

पशुवैद्य डोळ्यांत फ्लुओरेसीन नांवाचें नारिंगी द्रव्य घालतो. जेथें पारपटलाचें वरचें आवरण फाटलें असेल, तेथें तें धरून राहतें आणि निळ्या प्रकाशांत हिरवें चमकतें. जखम किती पसरली आहे तें त्यावरून कळतें. जखम वरवरची असेल, तर तिच्या कडेच्या पेशी सरकत येऊन ती बहुधा आठवड्याच्या आंत झांकतात. खोल असेल, तर आठवडेच्या आठवडे जातात. ज्या पारपटलांत रक्तवाहिनी नव्हती त्यांत कडेनें तांबड्या वाहिन्या शिरतात, जखम भरून काढतात, आणि मागें पांढरट वण राहतो. या काळांत गळ्याभोंवतीं बांधलेली शंकूच्या आकाराची पट्टी मांजराला आवडत नाहीं. ती काढून टाकण्याचा मोह घरच्यांना होतो. परंतु पंजाच्या एका फटकाऱ्यानें दहा दिवसांची भरत आलेली जखम उघडते, हें ध्यानांत ठेवावें.

कधीं कधीं डोळा वांचत नाहीं, आणि तो काढून टाकावा असें वैद्य सांगतो. हें ऐकून घरांत सर्वांचेंच काळीज हालतें. पण दृष्टि गेलेला व सतत ठणकणारा डोळा ठेवण्यांत मांजराचें हित नसतें. डोळ्यांतलें भिंग फुटलें असेल, तर अशा डोळ्यांत कांहीं वर्षांनीं कर्करोग उद्भवण्याचा धोकाहि असतो. शस्त्रक्रियेनंतर दहा-चौदा दिवसांत टांके निघतात, त्या जागीं केंस येतात, आणि ठणका गेल्यामुळें मांजर पूर्वींपेक्षां खुशाल दिसूं लागतें.

एक डोळा गेला म्हणजे अंतराचा अंदाज चुकतो. मांजर कट्ट्यावर उडी घेतांना कमी पडतें. मग मान डोलावून, एकच वस्तु दोन बाजूंनीं न्याहाळून तें अंतर मोजावयास शिकतें. कांहीं आठवड्यांत त्याची चाल इतकी सुधारते कीं परक्याला शंकाहि येत नाहीं.

दोन्ही डोळे गेले, तर आरंभीचे दिवस कठीण जातात. मांजर कोपऱ्यांत बसून राहतें, भिंतीला घसटून चालतें, पाऊल उंच उचलून टाकतें. पण निसर्गानें त्याला दुसरीं साधनें दिलेलीं आहेत. ओठाच्या दोन्ही बाजूंना सुमारें बारा-बारा मिशा असतात. पुढच्या पायांच्या मागल्या बाजूलाहि तशाच राठ केंसांचा झुबका असतो. वस्तूला स्पर्श होण्यापूर्वीं तिच्याभोंवतीं वळणारा वारादेखील मिशांच्या मुळांना जाणवतो. माणसाचा कान सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकतो. मांजराचा साठ हजारांच्याहि पलीकडे जातो, आणि त्याचे दोन्ही कान स्वतंत्रपणें वळतात. जर्मन शास्त्रज्ञ योझेफ राउशेकर यांनीं पिलूंपणापासून दृष्टीला मुकविलेल्या मांजरांवर केलेले प्रयोग १९९४ सालीं प्रसिद्ध झाले. आवाज कोठून आला, हें तीं मांजरें डोळस मांजरांपेक्षां अधिक अचूक ओळखत. मेंदूंतल्या ज्या एका भागांत डोळ्यांचें काम चालावयाचें, त्याचा ताबा तेथें श्रवणानें व स्पर्शानें घेतला होता. त्या प्रयोगांची किंमत मुक्या जनावरांनीं भरली, हेंहि विसरतां येत नाहीं.

मात्र ही शक्ति कामीं येण्यास एक अट आहे: घर जागच्या जागीं राहिलें पाहिजे. मांजर खोलीचा नकाशा मनांत बाळगतें. म्हणून प्रथम त्याला एकाच खोलींत ठेवावें. पाण्याची वाटी, खाण्याची ताटली आणि वाळूचें घमेलें यांच्या जागा ठरवून त्या बदलूं नयेत. मग एकेक खोली उघडावी. वाटेंत पाट, चपला, बादली टाकूं नये. हात लावण्यापूर्वीं हांक मारावी. उचलून भलत्याच ठिकाणीं ठेवूं नये; तें गोंधळलें, तर घमेल्यापाशीं नेऊन सोडावें, तेथून त्याला सगळी वाट सांपडते. जिना, गच्ची व विहीर यांचा बंदोबस्त करावा. आणि अशा मांजराला एकटें बाहेर सोडूं नये; महामार्गाच्या कडेला चोहोंकडून मोटारींचा गजर होत असतां तीक्ष्ण कानहि त्याला वांचवूं शकत नाहींत.

जखमेवांचूनहि मांजर आंधळें होतें, हें दूधभातावर मांजर पोसणाऱ्या घरांनीं विशेषेंकरून ऐकावें. टॉरिन नांवाचें द्रव्य मांजराला मांसमासळींतून मिळतें; तें न मिळाल्यास दृष्टिपटल झिजत जातें, हें १९७५ सालीं अमेरिकन संशोधकांनीं दाखविलें. म्हातारें मांजर एकाएकी ठेंचाळूं लागलें, तर त्याचा रक्तदाब तपासून घ्यावा. वेळीं औषध मिळाल्यास दृष्टि कांहीं अंशीं परतते.

आंधळ्या मांजराविषयीं हळहळणारीं माणसें पुष्कळ भेटतात. त्याची वाटी रोज त्याच कोपऱ्यांत, त्याच फरशीवर ठेवणारें माणूस घरांत एक असलें, तरी त्या मांजराचें आयुष्य सुखांत जातें.