शिशाचा हिशेब

आज टाकीतली हवा श्वासाजोगी करून देणारा रेग्युलेटर उघडून त्याचे दोन टप्पे बघायचे ठरले होते. ते आठवडाभर पुढे ढकलतो, कारण कोल्हापूरच्या एका वाचकांचा प्रश्न मला फार आवडला. मालवणला स्कूबा डाइव्हसाठी पहिल्यांदा पाण्यात उतरताना त्यांच्या कमरेला शिशाचा पट्टा बांधला गेला. ‘आधीच बुडायची धास्ती, त्यात शिसं कशाला?’ असं ते विचारतात.

शिसं लागतं ते मुख्यतः सूटमुळे. त्याच्या निओप्रीन रबरात वायूचे बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. पाच मिलिमीटर जाडीचा सूट घातला की माणूस बुचासारखा तरंगतो, खाली जातच नाही. मात्र दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात आणि सूटची तरंगवण्याची ताकद बरीच घटते. मग शिसं नेमकं कुठल्या खोलीच्या हिशेबाने घ्यायचं?

डाइव्हच्या शेवटच्या तीन मिनिटांच्या! वर येताना पाच मीटरवर आपण सुरक्षेसाठी थांबतो, तेव्हा सूट पुन्हा फुगलेला असतो आणि पाठीवरची हवेची टाकी हलकी झालेली असते. हवेलाही वजन असतं, हे इथे कळतं. अकरा लिटरच्या टाकीत २०० बार दाबाने सुमारे २२०० लिटर हवा मावते. तिचं वजन अडीच किलोहून जास्त. ५० बार उरेपर्यंत त्यातले दोन किलो आपण श्वासावाटे सोडून दिलेले असतात. ॲल्युमिनियमची टाकी तर रिकामी होत आली की स्वतःच तरंगू लागते. शिसं कमी पडलं, तर नेमकं थांबायचं तिथेच माणूस वर खेचला जातो.

तपासायची रीत सोपी आहे. टाकीत ५० बार असताना पाण्यात उभे राहा, बीसीडी, म्हणजे हवा भरून तोल सांभाळायचं जॅकेट, पूर्ण रिकामं करा, नेहमीचा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर यायला हवं. श्वास सोडला की हळूहळू खाली जायला हवं. टाकी भरलेली असेल, तर वर दोन किलो धरा. तलावात जमलेला हिशेब समुद्रात चालत नाही. खारं पाणी जड, तिथे शिसं वाढवावं लागतं.

नवख्यांना अनेकदा जास्तच शिसं बांधलं जातं. मग तो भार तोलायला बीसीडीत हवा भरावी लागते आणि थोडं वर आलं की तीच हवा प्रसरण पावून ओढत नेते. शिवाय पाय खाली लोंबतात, फिन वाळू उडवतात, प्रवाळ मोडतात. १९४३मध्ये कुस्तो आणि गान्यां यांचं ॲक्वालंग हे टाकीतल्या हवेवर पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण आलं, तेव्हा बीसीडी नव्हतं. शिसं अचूक घ्यायचं आणि बाकीचा तोल फुप्फुसांनी सांभाळायचा. अर्धा लिटर जास्त श्वास घेतला, की अर्ध्या किलोचा उठाव मिळतो. ही कला आजही शिकण्यासारखी आहे.

आता त्या धास्तीबद्दल. पट्ट्याचं बकल एका हाताने झटक्यात सुटेल असंच असतं. पृष्ठभागावर अडचण आली, तर पहिल्यांदा टाकून द्यायची वस्तू म्हणजे हा पट्टाच. म्हणून उतरण्याआधी जोडीदार एकमेकांचं बकल हाताने चाचपून बघतात.

आणि लॉगबुकात खोलीच्या शेजारी सूटची जाडी, टाकी आणि शिसं हे तिन्ही लिहा. पुढच्या वेळी बोटीवर कुणी ‘किती किलो देऊ?’ विचारलं, की उत्तर तुमचं तुम्हाला देता येईल.

रेग्युलेटर पुढच्या आठवड्यात.