गवळणीतली मावशी

पुणे-नाशिक महामार्गावर संगमनेरच्या अलीकडे हिवरगाव पावसाचा टोलनाका लागतो. या गावात १८७० साली पवळा भालेराव जन्मली. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून तिचं नाव घेतात. तिच्याआधी गवळणीतली राधा व्हायचा तो नाच्या पोऱ्या. कोवळा आवाज, वाढवलेले केस, अंगावर लुगडं. पवळाबाई आणि शाहीर पठ्ठे बापूराव यांचा फड गाजला आणि पुढे खरीखुरी बाई बघायला मिळते म्हटल्यावर नाच्याला कोण विचारणार? अर्थात या नव्या रिवाजाची किंमत बाईनेच मोजली. पवळा महार समाजातली, बापूराव ब्राह्मण कुलकर्णी. बाईला नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून त्या खेळांतून आलेली देणगी डॉ. आंबेडकरांनी नाकारली, ही हकिकत चळवळीत आजही सांगितली जाते.

त्याच संगमनेरात पुढे तमाशा कलावंत कांताबाई सातारकर नांदल्या. त्यांनी उलटा डाव टाकला. नृत्य आणि नायिकेच्या भूमिका तर केल्याच, पण वगात पुरुषाचा पोशाख चढवून छत्रपती शिवाजी महाराजही उभे केले. मे २०२१ मध्ये करोनाने त्या गेल्या, तेव्हा त्यांच्या या पुरुष भूमिकांची आठवण लोकांनी आदराने काढली.

म्हणजे एकाच तालुक्यातल्या एका बाईने पुरुषाच्या अंगावरचं लुगडं परत घेतलं आणि दुसरीने त्याचा अंगरखाही मिळवला. फडात पुरुषाकडे बाईचं एकच सोंग उरलं, ते म्हणजे गवळणीतली विनोदी मावशी.

उन्हाळ्यातल्या एका जत्रेत, फडमालकाची परवानगी घेऊन, ही मावशी तयार होताना मी कनातीमागे बसून पाहिली. ट्रकची मागची फळी पाडलेली, जनरेटरचा आवाज, पत्र्याच्या पेटीवर टेकवलेला हातभर आरसा. पलीकडच्या राहुटीत मुली पायांत चाळ बांधत होत्या. मावशी करणारा कलाकार पन्नाशीतला, रापलेला, दंडाने दणकट. त्याने आधी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. ती काढायची नाही, कारण तासाभराने वगात त्यालाच हवालदार व्हायचं होतं. मिशीही त्यामुळेच शाबूत. हवालदाराला मिशी लागते आणि मावशीला ती पदराआड धरता येते.

चोळीत जुन्या धोतराचे बोळे गेले. एक जाणूनबुजून खाली. मग सुती लुगडं. कमरेला गाठ, समोर निऱ्या, उरलेला सोगा दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा खोचला आणि पोटाशी ओचा भरदार काढला. हे सगळं त्याने आरशात न बघता केलं. नाचणाऱ्या मुली हल्ली शिवलेली नऊवारी घालतात, हुक लावले की झालं. त्याला ते चालत नाही. खेळ सुरू असताना मावशीचा पदर ढळला पाहिजे, ओचा सुटायला आला पाहिजे आणि तो सावरताना हशा निघाला पाहिजे. शिवलेल्या लुगड्यातून विनोद निघत नाही, हे त्याचं म्हणणं मला तंतोतंत पटलं. चेहऱ्याला पॅनकेकचा एक हात, रुपयाएवढं कुंकू आणि नाक टोचलेलं नसल्यामुळे दाबाची नथ. डोक्यावरून पदर घेतल्यावर गंगावनाची गरजच नव्हती.

इथवर मी एका पुरुषाला लुगडं नेसलेलं बघत होतो. मावशी दिसली ती तो उठला तेव्हा. खांदे पडले, मान थोडी पुढे आली, टाच आधी टेकेनाशी झाली. कंबर हलवणं हे नवख्याचं काम. जाणता नट डोक्यावर दुधाचा माठ आहे असं धरून चालतो, मग बाकीचं शरीर आपोआप बाईच्या तालात येतं.

ढोलकी-हलगीचा कडकडाट झाला, गण झाला, गवळणी निघाल्या मथुरेच्या बाजाराला. वाटेत कृष्ण आणि पेंद्या आडवे आले. दाणाची मागणी झाली आणि मावशी पुढे सरसावली. पुढची वीस-पंचवीस मिनिटं तिने बोर्ड ताब्यात ठेवला. कांद्याचा भाव, पाण्याचा टँकर, दारू पिऊन पहिल्या रांगेत बसलेले कारभारी, सगळ्यांची हजेरी घेतली. समोर बसलेले पुढारी पोट धरून हसत होते. तेच शब्द त्याने पँट-शर्टात उच्चारले असते तर जत्रेत बाचाबाची झाली असती. लुगड्याने त्याला बोलायची मुभा दिली होती. शहरात आज ज्याला ड्रॅग म्हणतात त्यातली मर्मावर बोट ठेवायची ताकद नगर जिल्ह्याच्या जत्रांत अशी सहज वावरते. आणि तिथल्यासारखंच इथेही कुणाला फसवायचं नसतं. नाच्याला बाई दिसावं लागे. मावशीतला पुरुष मात्र दिसलाच पाहिजे.

सकाळी हजेरीचा खेळ व्हायचा होता, नंतर कुस्त्यांचा हगामा. त्याआधी चहाच्या टपरीवर तो उभा होता. पोरांनी ओळखलं. ‘मावशी’ म्हणून हाक, मग एक अचकट खूण, एकाने कमरेला हात लावला. तो हसला आणि अर्धा चहा टाकून निघाला. आपल्या गावात तो ढोलकी वाजवतो असं सांगतो. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मधल्या, नाच्या झालेल्या गुणाची फरफट १९७८ च्या कादंबरीत वाचून आपण हळहळतो, सिनेमा बघून टाळ्या वाजवतो. टपरीवर मात्र त्या पोरांसारखेच वागतो.

मला खटकतं ते हेच. बाईने जिरेटोप घातला की ती थोर ठरते. पुरुष पदर घेतो तेव्हा तो विनोद ठरतो, बोर्डावरून उतरल्यावरसुद्धा. पुरुषाने बाई होणं म्हणजे खाली येणं, ही आपल्या मनातली उतरंड आहे. ती नाकारणारेही आहेत. मुंबईत पुरुषांच्याच ‘बिन बायकांचा तमाशा’ने लावणी अदाकारी म्हणून गंभीरपणे पेश केली. अभिना अहेर यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘डान्सिंग क्वीन्स’ या तृतीयपंथी कलाकारांच्या संचाने नाचता नाचता प्रेक्षकांशी हक्कांची भाषा केली. तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मान्य केला. मावशी करणारा हा गृहस्थ स्वतःला त्यांच्यातला मानत नाही, त्याला बायको-मुलं आहेत. पण टपरीवर त्याच्या कमरेला लागलेला हात त्यांच्या ओळखीचा आहे.

आता एक व्यवहाराची गोष्ट. वृद्ध कलावंतांना राज्य सरकार दरमहा ५,००० रुपये मानधन देतं. वयाची पन्नाशी आणि कलेतल्या १५ वर्षांचे पुरावे लागतात. मी पाहिलेल्या जाहिरातीच्या फलकावर फडमालकाचं नाव होतं, नर्तिकांचे फोटो होते, मावशीचा पत्ता नव्हता. मग त्याने पुरावा आणायचा कुठून? जत्रा कमिट्यांनी खेळ झाल्यावर नारळ-शाल देतानाच मावशीच्या कलाकाराला त्याचं पूर्ण नाव, भूमिका आणि तारीख घातलेलं एक पत्र सही-शिक्क्यानिशी द्यावं. त्याला खर्च एका कागदाचा येतो.