वाय-फायवरील संभाषण : वेग नव्हे, पाळी

वाय-फायच्या ८०२.११बी या १९९९ सालच्या मानकाचा वेग सेकंदाला १ कोटी १० लाख बिट इतका होता, आणि साध्या दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज अंकरूपात नेण्यासाठी एका दिशेने ६४ हजार बिट पुरतात. त्यामुळे दोन्ही दिशा धरूनही एका वेळी ८५ संभाषणे चालावीत, असे त्रैराशिक सांगते. प्रत्यक्षात ती दहा-बाराच्या पुढे जात नाहीत.

याचे कारण आवाज पाठवण्याच्या पद्धतीत आहे. दर २० मिलिसेकंदांचा आवाज १६० बाइटच्या एका पॅकेटात, म्हणजे माहितीच्या पुडक्यात, भरला जातो आणि ते बिट हवेतून जाण्यास सुमारे ११६ मायक्रोसेकंद लागतात. परंतु वाहिनी मोकळी आहे याची खात्री करणे, त्यानंतर यदृच्छेने ठरणारा काळ थांबणे, संथ गतीने जाणारा प्रारंभसंकेत, पत्त्याचे मजकूर आणि शेवटी पोच, हे सारे धरून एका पॅकेटामागे जवळजवळ १ मिलिसेकंद खर्च होतो. मूठभर दळणासाठी दर वेळी गिरणीपुढे नव्याने रांग लावावी, तसा हा प्रकार असून जाते कितीही वेगाने फिरले तरी रांगेतला वेळ त्याने वाचत नाही.

या रांगेचा उगम हवाई विद्यापीठात आहे. नॉर्मन अब्रॅमसन यांच्या पुढाकाराने तेथे १९७१ साली सुरू झालेल्या 'अलोहा' जाळ्यात प्रत्येक यंत्र मनात येईल तेव्हा संदेश पाठवी, आणि दोन संदेश आदळले तर यदृच्छेने ठरणारा काळ थांबून तो पुन्हा पाठवी. या पद्धतीत वाहिनीचा जास्तीत जास्त १८ टक्के उपयोग होई. तरीही मध्यवर्ती नियंत्रकाविना अनेकांनी एकच वाहिनी वापरावी, ही विलक्षण कल्पना आजच्या प्रत्येक वाय-फाय यंत्रात जिवंत आहे, आणि तिच्या जनकाचे नाव मात्र ते वापरणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक आहे.

अलोहा संगणकीय संदेशांसाठी होते, आणि तशा संदेशाला थोडा विलंब चालतो. संभाषणाला तो चालत नाही. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यातच दहा फोनना जाणारा सगळा आवाज एकट्या अ‍ॅक्सेस पॉइंटमधून, म्हणजे जाळ्याच्या मध्यवर्ती यंत्रातून जातो, परंतु वाहिनीवर त्याचा हक्क एका फोनइतकाच असल्याने त्याच्यापाशी पॅकेटे तुंबतात आणि आवाज तुटतो.

२००५ सालच्या ८०२.११ई मानकाने वाहतुकीचे चार वर्ग पाडून आवाजाला सर्वांत कमी थांबण्याची सवलत दिली, मात्र फोन फार वाढले की या आखूड प्रतीक्षेमुळेच टकरीही वाढतात. २००९ सालच्या ८०२.११एनने अनेक पॅकेटे एकत्र बांधण्याची सोय केली. ती मोठ्या फाइलींना मानवली, पण दर २० मिलिसेकंदांनी उमटणाऱ्या आवाजाला गठ्ठा होईपर्यंत थांबवणे परवडत नाही. खरा पालट घडवला तो २०२१ सालच्या ८०२.११एएक्सने. त्यात २० मेगाहर्ट्झची वाहिनी नऊ भागांपर्यंत विभागून नऊ यंत्रांशी एकाच वेळी देवाणघेवाण करता येते, आणि कोणी केव्हा बोलावे हे अ‍ॅक्सेस पॉइंट ठरवू शकतो; नऊ मुठी धान्य एकाच फेरीत दळून निघते.

म्हणून राउटरच्या खोक्यावर छापलेल्या वेगाच्या आकड्यावरून त्यावरचे संभाषण कसे चालेल, हे ठरवू नये. आवाजाला अग्रक्रम देणारी 'डब्ल्यूएमएम' ही सोय राउटरमध्ये चालू आहे ना, हे प्रत्येक वाचकाने आधी पाहावे.