आधी प्रश्न वाचू, मग लिहू

अकोले तालुक्यातल्या आमच्या गटातील एका ताईंनी १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीची परीक्षा दिली. इंग्रजीचा पेपर ८० गुणांचा, वेळ ३ तास. दोनपैकी एकच पत्र लिहायचं होतं. ताईंनी दोन्ही लिहिली आणि शेवटचा प्रश्न राहून गेला. अभ्यास झाला होता, ‘एनी वन’ तेवढं वाचायचं राहिलं.

‘एनी वन’ म्हणजे कोणताही एक, ‘एनी टू’ म्हणजे कोणतेही दोन. ‘नॉट’ आला की अर्थ उलटा. घरी सराव करताना अशा शब्दांखाली रेघ ओढा. परीक्षेत प्रश्नपत्रिकेवर काही लिहायचं नसतं. तिथे शब्दावर बोट ठेवून दोनदा वाचा.

कर्जाचा कागद वाचल्याशिवाय आपण सही करतो का? तसंच हे. ताई आता पुरवणी परीक्षेला बसणार आहेत. आम्ही सगळ्या मिळून त्यांचा सराव घेतोय.