ओवीखालचा अर्थ

ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली सांगितली गेली. पैठणच्या एकनाथांनी १५८४ साली तिच्या पोथ्यांतले अपपाठ काढून ती शुद्ध केली, तेव्हाच मूळ ग्रंथ जवळजवळ तीनशे वर्षांचा झाला होता. आज तो वाचताना मराठी वाचक अडतो, आणि बहुधा ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांवरच अडतो. ‘नावेक’ म्हणजे क्षणभर, ‘वोखटे’ म्हणजे वाईट. असे शब्द निदान अनोळखी दिसतात, म्हणून त्यांचा अर्थ शोधला जातो. ‘राग’ मात्र सरळ संताप म्हणून वाचला जातो. ज्ञानेश्वरीत तो आसक्ती आहे. ‘कां’ पुष्कळदा प्रश्न विचारत नाही, त्याचा अर्थ ‘किंवा’ असतो. कोल्हापूरकडच्या बोलीत ‘फुडं’ म्हणजे पुढे. तिथल्या वाचकाला ओवीतले ‘फुडें’ घरचेच वाटेल, पण त्याचा अर्थ आहे ‘निश्चित, उघड’.

व्याकरणही बदलले आहे. ‘कीजे’, ‘बोलिजे’ ही जुनी कर्मणी रूपे आता वापरात नाहीत, तरी त्याच घडणीचे ‘पाहिजे’ आणि ‘म्हणजे’ रोज प्रत्येकाच्या तोंडी असतात.

यावर वारकरी परंपरेने काढलेला मार्ग म्हणजे ‘सार्थ’ आवृत्ती: वर मूळ ओवी, खाली चालू गद्यात अर्थ. आळंदीला १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था सुरू करणारे विष्णुबुवा जोग यांनी तुकारामांची गाथा अशी सार्थ केली. त्यांचे शिष्य सोनोपंत दांडेकर, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, यांची सार्थ ज्ञानेश्वरी १९५३ सालची. पावसच्या स्वामी स्वरूपानंदांनी वेगळी वाट धरली. त्यांनी ज्ञानेश्वरी सोप्या मराठीत अभंगबद्ध केली. अर्थ सुलभ झाला आणि गाणेही राहिले.

इंग्रजीत शेक्सपिअरपुढे हाच प्रश्न आहे. अमेरिकेतल्या ऑरेगॉन शेक्सपिअर फेस्टिव्हलने २०१५ साली ३६ नाटककारांकडे त्याची ३९ नाटके आजच्या इंग्रजीत आणण्याचे काम सोपवले, आणि त्यावर मोठा वाद झाला. नव्या संहितेचा प्रयोग होतो तेव्हा रंगमंचावर जुने शब्द ऐकू येत नाहीत. सार्थ पोथीत मूळ ओवी जागची हलत नाही, हे तिचे मोठे बळ. गद्यात तीन चरणांचे यमक सुटते, चौथ्या आखूड चरणाचा ठेका जातो. पण पारायणाला बसलेला माणूस अर्थ पाहून घेतो आणि मोठ्याने म्हणतो ती वरचीच ओळ.