सतरावी प्रतिज्ञा आणि डॉक्टरची गोळी

चौदा ऑक्टोबरला विहारात उभे राहून दारू सोडणाऱ्याचे आपल्या वस्तीत कौतुक होते. तोच माणूस दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन दारू सोडण्याचे औषध मागू लागला, की कौतुक आटते. "दारू सुटली आणि गोळी लागली, त्यात काय मिळवलं?" "मनाचा निर्धार नाही म्हणून गोळ्या खातो." "एक व्यसन गेलं, दुसरं आलं." ही वाक्ये भोरच्या आणि वेल्ह्याच्या (म्हणजे आताच्या राजगड तालुक्याच्या) वाडीवस्तीवर ऐकू येतात, तशीच पुण्याच्या झोपडपट्टीतही. बोलणारे पुष्कळदा आपलेच कार्यकर्ते असतात. हेतू चांगला असतो. पण या वाक्यांपायी माणूस दगावू शकतो, म्हणून त्यांचा समाचार घेणे भाग आहे.

वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याच्या मेंदूने दारूशी जुळवून घेतलेले असते. दारू मेंदूला सुस्त करते, म्हणून मेंदू आपला वेग वाढवून ठेवतो. दारू एका रात्रीत काढून घेतली की तो वाढलेला वेग तसाच उरतो. पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला काहींना भास होऊ लागतात. भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसे हाका मारतात, बायकामुलांची ओळख पटत नाही, अंगात ताप भरतो. डॉक्टर याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण वाचतात, नाही मिळाले तर जिवावर बेतते.

हे प्रत्येकाला होत नाही. पण सकाळी उठल्याबरोबर ज्याला दारू लागते, न मिळाल्यास ज्याचे हात कापतात, पूर्वी कधी दारू थांबल्यावर ज्याला फिट आली आहे, त्याने प्रतिज्ञा जरूर घ्यावी, पण दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबवावी. त्याला घरात कोंडून ठेवून "चार दिवस सोस" म्हणणे हा निर्धार नव्हे, तो जिवाशी खेळ आहे.

हिरडस मावळातल्या किंवा केळद-पासलीकडच्या एखाद्या घरात तिसऱ्या रात्री असा माणूस बडबडू लागला, तर घरचे काय म्हणतात? "बाहेरचं झालंय." मग देवऋषी येतो, अंगारा येतो, लिंबू उतरवले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात देवऋषी शिरतो तो असा, दारूच्या दाराने नव्हे तर दारू सोडण्याच्या दाराने. ज्यांनी अंधश्रद्धेविरुद्ध लढताना २०१३ साली पुण्यात प्राण गमावले, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी शेजारच्या साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्रही काढले होते. ही दोन कामे वेगळी नव्हती.

आता गोळीची सवय लागते का, या प्रश्नाकडे येऊ. प्रश्न अडाणीपणाचा नाही. गोळी गोळीत फरक आहे आणि तो कोणी समजावून सांगत नाही, म्हणून भीती उरते.

दारू थांबवताना पहिल्या आठवडा-दहा दिवसांत क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपामसारखी औषधे देतात. फिट आणि भास टाळणारी ही औषधे आहेत आणि रोज मात्रा उतरवत ती बंद करायची असतात. यांची सवय लागते, हे खरे आहे. डॉक्टरने दहा दिवसांसाठी लिहिलेली चिठ्ठी घेऊन माणूस सहा महिने मेडिकल दुकानातून गोळ्या आणत राहिला, झोपेसाठी अल्प्राझोलाम घेऊ लागला, की दारू जाऊन गोळी चिकटते. वर त्या गोळीवर दारू प्यायला, तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. ही औषधे २०१४ पासून 'एच-वन' यादीत आहेत, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद वहीत ठेवायची. ती वही नीट भरली जाते की नाही हे पाहणारा कोणी असावा लागतो. तेव्हा लोकांची शंका रास्त आहे, पण ती फिरली पाहिजे औषधाकडून देखरेखीच्या अभावाकडे.

याच आठवड्यातली आणखी एक गोष्ट. पिणाऱ्याच्या शरीरात बी-वन जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी असते. अशक्तपणा आला म्हणून गावात नुसती ग्लुकोजची बाटली चढवली, तर मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका असतो. आधी थायमिन, मग ग्लुकोज. "बाटली लावा" म्हणून आग्रह धरणाऱ्या नातेवाइकांनी हे लक्षात ठेवावे.

त्यापुढची औषधे निराळी आहेत. नालट्रेक्सोन पिण्याची ओढ आणि पिण्यातली मजा कमी करते. अकॅम्प्रोसेट सुटलेली दारू सुटलेली ठेवायला मदत करते. डायसल्फिराम घेतल्यावर दारू प्यायली, तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. त्या भीतीने माणूस ग्लासापासून दूर राहतो. या तिघांपैकी एकाचीही नशा होत नाही, सवय लागत नाही. यकृताची तपासणी मात्र लागते. जो अफूच्या जातीची औषधे घेतो त्याला नालट्रेक्सोन देता येत नाही.

डायसल्फिरामबद्दल मायबहिणींना एक कळकळीची विनंती. "न कळत दारू सोडवा" अशा जाहिराती एसटी स्टँडच्या भिंतींवर असतात. नवऱ्याच्या चहात किंवा भाजीत पूड मिसळायची हा सल्ला शेजारीणही देते. त्या पुडीत काय आहे हे कोणाला माहीत नसते. आणि ती डायसल्फिराम असेल, तर नकळत ती पोटात गेलेला माणूस नेहमीसारखा पिऊन येईल आणि रस्त्यात कोसळेल. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत तिचा असर राहू शकतो. हे औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. त्या बाईचा दोष नाही. तिला दुसरा मार्ग कोणी दाखवला नाही, हा दोष आहे.

खरा वाद होतो तो गर्द आणि हेरॉइनवरच्या उपचाराचा. तिथे ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन देतात. ही औषधे स्वतः अफूच्याच कुळातली आहेत, एकदम थांबवली तर त्रास होतो आणि ती महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. म्हणजे शरीर औषधावर अवलंबून राहते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण व्यसन म्हणजे केवळ शरीराचे अवलंबन नव्हे. व्यसनी माणूस मात्रा वाढवत जातो, घरातली भांडी विकतो, दुसऱ्याची सुई टोचून घेतो आणि त्यातून एचआयव्ही घरात आणतो. ठरलेल्या मात्रेत ब्युप्रेनॉर्फिन घेणारा माणूस सकाळी गोळी जिभेखाली ठेवून कामावर जाऊ शकतो. मधुमेही इन्सुलिनवर अवलंबून असतो, त्याला आपण व्यसनी म्हणत नाही. याच कारणाने जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली ही दोन्ही औषधे आवश्यक औषधांच्या यादीत घातली. त्यांचाही गैरवापर होतो, गोळी विरघळवून टोचणारे आहेत, म्हणून त्यात नालॉक्झोन मिसळतात आणि गोळी समोर बसवून देतात. मेफेड्रोनवर, म्हणजे पोरांच्या भाषेतल्या एमडीवर, मात्र असे कुठलेच बदली औषध नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात कुरकुंभच्या कारखान्यात त्याचा प्रचंड साठा पकडला गेला. खेड-शिवापूर, शिरवळच्या पट्ट्यात कामाला जाणाऱ्या तरुणांच्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे.

औषध एकटे पुरत नाही, हेही तितकेच खरे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात 'मुक्तांगण' सुरू केले, ते गर्दने उद्ध्वस्त होणारी पोरे पाहून. समुपदेशन, गटातले बोलणे, घरच्यांचा सहभाग आणि नंतरचा पाठपुरावा यांचे मोल तिथे महाराष्ट्राने पाहिले. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभाही अनेकांना तारतात. तिथे 'उच्च शक्ती'चा उल्लेख येतो म्हणून आपले काही बांधव बिचकतात. ज्याची त्याने आपल्या समजुतीप्रमाणे ती शक्ती मानावी, अशी मुभा तिथेच आहे. धम्म म्हणा, संघ म्हणा, कोण अडवतो?

आणि पाचव्या शीलाचा प्रश्न? विनयपिटकातल्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र खंधक आहे. पिलिन्दवच्छ थेरांना वाताचा विकार झाला, वैद्यांनी मद्य घातलेले तेल सांगितले, तथागतांनी परवानगी दिली. मग काही भिक्खूंनी त्यात भरमसाट मद्य घालून नशा केली. तथागतांनी औषध बंद केले नाही. मद्याचा रंग, वास आणि चव लागणार नाही इतकेच ते घालावे, असा नियम केला. औषध आणि नशा यांतला भेद मात्रेने आणि हेतूने ठरवणारा असा शास्ता ज्यांना लाभला, त्यांनी गोळी घेणाऱ्याचे शील मोडले म्हणावे हे नवल आहे.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्येही मादक पेये आणि द्रव्यांच्या बंदीचे तत्त्व सांगताना औषधी उपयोग स्पष्टपणे वगळलेला आहे. शिवाय १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या जाहीरनाम्यात सरकारी दारूबंदी रद्द करण्याची मागणी होती, कारण बंदीमुळे घरोघर चोरून दारू गाळली जाते आणि बायापोरेही तिच्याकडे ओढली जातात. तेच बाबासाहेब १९५६ साली नागपुरात लाखोंना दारू न पिण्याची प्रतिज्ञा देतात. यात विसंगती नाही. प्रतिज्ञा माणसाने स्वतःहून घ्यायची असते. पोलिसाचा दंडा ती देऊ शकत नाही. हातभट्टीवर धाड पडली की कातकरी वाडीतला माणूस पकडला जातो, वीटभट्टीच्या उचलीत त्याला अडकवणारा मोकळा राहतो, हे आजही पाहावे.

केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून करून घेतलेल्या २०१९ च्या पाहणीत दारूच्या आहारी गेलेल्या अडतीस जणांमागे एकालाच कुठलातरी उपचार मिळाल्याचे आढळले. उरलेले सदतीस निर्धाराने कमी होते काय? केळदच्या मजुराला आधी वेल्हे गाठायचे, मग विंझर, मार्गासनीवरून नसरापूर, तिथून हमरस्त्याने पुणे. जाऊन येऊन दिवस बुडतो, मजुरी बुडते, भाडे वेगळे. असा प्रवास दर पंधरा दिवसांनी करायचा म्हटल्यावर उपचार मध्येच सुटतो आणि लोक म्हणतात, बघा, गोळीने काही झाले नाही.

कायदा मात्र वेगळे सांगतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये दारू आणि मादक द्रव्यांच्या सेवनाशी निगडित आजारांचा समावेश आहे. त्याच्या कलम १८ नुसार मानसिक उपचार मिळणे हा हक्क आहे आणि अधिसूचित यादीतली औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडच्या ग्रामीण रुग्णालयापासून वर, सर्व सरकारी रुग्णालयांत सर्व काळ मोफत मिळायला हवीत. व्यसनमुक्तीच्या नावाखाली कोंडून मारहाण करणारी केंद्रेही याच कायद्याच्या नोंदणीच्या कक्षेत येतात.

तेव्हा दोन्ही तालुक्यांतल्या शाखांनी येत्या महिन्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. भोर आणि वेल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ महिन्यातून किती दिवस येतात? गेल्या वर्षभरात थायमिन, क्लोरडायझेपॉक्साइड, डायसल्फिराम, नालट्रेक्सोन यांचा साठा किती दिवस शून्य होता? दारू सोडण्यासाठी किती रुग्ण दाखल केले आणि किती पुण्याला पाठवले? अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावावे. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही लागत नाही, दाखल्याची प्रत जोडावी. उत्तर येईपर्यंत कोणाच्या घरी अडचण आली, तर १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी मोफत क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवावा. पण फिट आली किंवा भास होऊ लागले, तर आधी १०८ ला फोन करावा.