उपचार लवकर हवेत. पण कोणाच्या हातून?

स्वमग्न मुलांवरील उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले, हे आता बहुतेक पालकांना ठाऊक झाले आहे. मात्र हे उपचार देणाऱ्या व्यक्तीने नेमके कोणते प्रशिक्षण घेतलेले असावे, याची माहिती फार थोड्यांना असते. उपचार केंद्राच्या दारावरील पाटी आणि भिंतीवरील प्रमाणपत्रे यांचा अर्थ कसा लावायचा, याचा हा आढावा.

मूल दीड वर्षाचे होऊनही नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नाही, हवी असलेली वस्तू बोटाने दाखवत नाही, इतर मुलांत रमत नाही. बालरोगतज्ज्ञ स्वमग्नतेची, म्हणजेच ऑटिझमची शक्यता बोलून दाखवतात आणि थेरपी लवकर सुरू करण्याचा सल्ला देतात. तेथून पालकांची धावपळ सुरू होते. एखाद्या केंद्रात सत्रामागे शुल्क ठरते, आठवड्याचे वेळापत्रक हाती येते आणि महिन्याच्या खर्चाचा मोठा वाटा त्यावर खर्ची पडू लागतो. परंतु बंद दाराआड मुलासोबत तासभर बसणारी व्यक्ती कोण आहे, हा प्रश्न विचारायचे अनेकदा राहूनच जाते.

तासांइतकीच तयारी महत्त्वाची

भाषा, अनुकरण आणि इतरांशी देवाणघेवाण या क्षमतांचा पाया आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत घातला जातो. म्हणूनच उपचार लवकर सुरू करण्यावर भर दिला जातो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने या विचाराला मोठी चालना दिली. त्यात १९ लहान मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास याप्रमाणे दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ शिकवण्यात आले आणि त्यांपैकी ९ मुले नेहमीच्या शाळेत पहिली उत्तीर्ण झाली. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे बरीच टीका झाली. मुलांची गटवारी चिठ्ठ्या टाकून केलेली नव्हती आणि नको असलेले वर्तन थांबवण्यासाठी प्रसंगी मांडीवर चापट मारण्याचाही वापर झाला होता. तरीही 'आठवड्याला ४० तास' हा आकडा मात्र जगभरातील पालकांच्या मनात ठसला.

२०१० मध्ये अमेरिकेतच जेराल्डिन डॉसन आणि सॅली रॉजर्स यांच्या गटाने 'अर्ली स्टार्ट डेन्व्हर मॉडेल' या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. यात १८ ते ३० महिने वयाची ४८ मुले होती आणि गटवारी यादृच्छिक पद्धतीने केलेली होती. खेळाच्या ओघात, मुलाच्या आवडीचा धागा पकडून शिकवणे हा या पद्धतीचा गाभा. दोन वर्षांनंतर या उपचारांचा लाभ मिळालेल्या मुलांची बौद्धिक आणि भाषिक प्रगती अधिक असल्याचे दिसले. यातील रोजची सत्रे घेणारे प्रशिक्षक बहुतांशी पदवीधर होते; पण त्यांच्यावर अधिक अनुभवी तज्ज्ञांची देखरेख होती आणि पद्धत ठरल्याप्रमाणे राबवली जाते की नाही, याची तपासणी होत होती. तास मोजणे सोपे असते. त्या तासांत काय घडते, हे मोजणे अवघड असते आणि प्रशिक्षणाचा खरा संबंध त्याच्याशीच आहे.

एक मूल, अनेक व्यवसाय

स्वमग्न मुलाच्या गरजा एका विद्याशाखेत मावत नाहीत. वाचा-उपचारतज्ज्ञ संवादाकडे पाहतो. हा संवाद तोंडी बोलण्यापुरता मर्यादित नसतो. चित्रे, खुणा किंवा टॅब्लेट यांच्या साह्याने व्यक्त होणेही त्यात येते. या तज्ज्ञाला श्रवण आणि वाचा-भाषा विकार या विषयातील चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि त्यातील अखेरचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे असते.

व्यवसायोपचारतज्ज्ञ, अर्थात ऑक्युपेशनल थेरपिस्ट, मुलाचे जेवण, कपडे घालणे, खेळणे, आवाज वा स्पर्श सहन होणे अशा दैनंदिन बाबींवर काम करतो. हे शिक्षणही चार वर्षांहून अधिक काळाचे असून त्यात रुग्णालयीन अनुभव अनिवार्य असतो. या विद्याशाखेचे महाराष्ट्राशी जुने नाते आहे. कमलाबाई निंबकर यांनी १९५० मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिले ऑक्युपेशनल थेरपी विद्यालय सुरू केले.

विशेष शिक्षक मुलाला शिकण्याच्या टप्प्यांतून पुढे नेतो. त्याच्यासाठी बारावीनंतर दोन वर्षांची विशेष शिक्षण पदविका आहे.  पदवीधरांसाठी विशेष शिक्षणातील बी.एड. उपलब्ध आहे. येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. श्रवणदोष असलेल्या मुलांसाठीची पदविका घेतलेला शिक्षक पात्र असतोच. परंतु त्याच्या अभ्यासक्रमाचा भर स्वमग्नतेवर नसतो. त्यामुळे 'विशेष शिक्षक' एवढे सांगणे पुरेसे ठरत नाही. त्याने कोणत्या विभागात शिक्षण घेतले, हेही पाहावे लागते.

चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मूल्यमापन, वर्तनविषयक अडचणी आणि कुटुंबाचे समुपदेशन यांत मदत करतो. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमनोविकारतज्ज्ञ निदान करतो आणि अपस्मारासारख्या सोबतच्या आजारांकडे लक्ष देतो.

कायद्यातील तरतूद आणि पळवाट

या क्षेत्रातील प्रशिक्षणाचे नियमन करण्यासाठी संसदेने १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषद कायदा संमत केला आणि तो १९९३ पासून अमलात आला. अभ्यासक्रमांना मान्यता देणे आणि पात्र व्यक्तींची केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत नोंद ठेवणे, ही परिषदेची प्रमुख कामे. विशेष शिक्षक, वाचा-उपचारतज्ज्ञ, चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ आदी १६ वर्गांतील व्यावसायिकांना येथे नोंदणी घ्यावी लागते. नोंदणीचे ठरावीक काळाने नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी सतत शिक्षण कार्यक्रमांतील सहभाग दाखवावा लागतो. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड वा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद कायद्यात आहे.

ऑक्युपेशनल थेरपी या परिषदेच्या कक्षेत येत नाही. महाराष्ट्राने २००२ मध्ये व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार यांसाठी राज्य परिषदेचा स्वतंत्र कायदा केला. पुढे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हे व्यवसाय संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आणले. म्हणजे एकाच मुलावर उपचार करणाऱ्या दोन तज्ज्ञांची नोंदणी दोन वेगवेगळ्या ठिकाणी तपासावी लागते.

खरी अडचण याहून पुढची आहे. परिषदेच्या १६ वर्गांत 'ऑटिझम थेरपिस्ट' किंवा 'बिहेविअर थेरपिस्ट' नावाचा वर्ग नाही. नेमक्या याच पाट्या शहरांत दिसतात. अशी पाटी लावणारी व्यक्ती नोंदणीकृत विशेष शिक्षक असू शकते, तशीच ती काही आठवड्यांचा अभ्यासक्रम केलेली पदवीधरही असू शकते. पाटीवरून हा फरक कळत नाही. नोंदणी क्रमांकावरून कळतो.

चाळीस तासांचे प्रमाणपत्र

उपयोजित वर्तन विश्लेषण, अर्थात एबीए या पद्धतीच्या बाबतीत हा गोंधळ अधिक जाणवतो. अमेरिकेतील बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड ही १९९८ मध्ये स्थापन झालेली संस्था या क्षेत्रात विविध स्तरांची प्रमाणपत्रे देते. 'बीसीबीए' या स्तरासाठी पदव्युत्तर शिक्षण, देखरेखीखालील दीर्घ प्रत्यक्ष अनुभव आणि परीक्षा आवश्यक असते. 'आरबीटी' हा तंत्रज्ञाचा प्राथमिक स्तर होय. त्यासाठी ४० तासांचे प्रशिक्षण, प्रत्यक्ष कौशल्याची चाचणी आणि परीक्षा असे टप्पे आहेत. एवढे करूनही त्या तंत्रज्ञाला स्वतंत्रपणे काम करण्याची मुभा नसते. दर महिन्याच्या कामाच्या तासांपैकी किमान पाच टक्के तास त्याच्यावर वरिष्ठांची देखरेख असावी लागते.

भारतात मात्र ४० तासांचा ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र हीच पात्रता समजली जाण्याचा धोका आहे. मुळात तो पहिला टप्पा आहे. त्यातच या मंडळाने १ जानेवारी २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतून नवे अर्ज स्वीकारणे थांबवले. त्यापूर्वी प्रमाणपत्र मिळवून ते कायम राखलेल्या व्यक्तींची नावे मंडळाच्या सार्वजनिक नोंदवहीत शोधता येतात. त्यानंतर भारतात राहून नव्याने 'आरबीटी' झाल्याचा दावा कोणी करीत असेल, तर तो पडताळून पाहणेच इष्ट.

गोव्याचा अनुभव

मग लांबलचक पदव्या नसलेल्यांना या कामात स्थानच नाही काय? तसे म्हणणे वास्तवाला धरून होणार नाही. देशात पाच ठिकाणी झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दोन ते नऊ वर्षे वयाच्या दर आठ मुलांपैकी सुमारे एकात मेंदूच्या विकासाशी निगडित किमान एक अडचण आढळली. स्वमग्नता ही त्यांपैकी एक आहे. उत्तर गोव्याचा या पाहणीत समावेश होता. एवढ्या मुलांना पुरतील इतके तज्ज्ञ नजीकच्या काळात उपलब्ध होणे कठीण आहे.

या प्रश्नाला एक उत्तर गोव्यातूनच मिळाले. 'संगथ' या संस्थेने आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील संशोधकांनी ब्रिटनमधील एक पद्धत दक्षिण आशियासाठी बदलून घेतली. तिचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दोन ते नऊ वर्षांची ६५ मुले होती आणि सत्रे घेणारे आरोग्य कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. पालक आणि मूल यांच्या खेळाचे चित्रीकरण करायचे, ते पालकांसोबत बसून पाहायचे आणि मुलाने साधलेल्या संवादाला पालकांनी कोठे प्रतिसाद दिला, कोठे तो निसटला, हे त्यांच्याच लक्षात आणून द्यायचे, अशी ही पद्धत. सहा महिन्यांत अशी १२ सत्रे झाली. पालकांचा प्रतिसाद मुलाच्या कलाने होऊ लागला आणि मुलेही आपणहून अधिक वेळा संवाद साधू लागली. सर्वच निष्कर्ष अनुकूल नव्हते. दोघांचे लक्ष एकाच गोष्टीवर असण्याच्या वेळेत अपेक्षेच्या उलट घट दिसली. तरीही योग्य रचना असेल तर तज्ज्ञ नसलेले कार्यकर्तेही उपयुक्त उपचार देऊ शकतात, हे या अभ्यासाने दाखवून दिले.

'योग्य रचना' हे त्यातील कळीचे शब्द. हे कार्यकर्ते एकटे सोडलेले नव्हते. त्यांना ठरलेल्या पद्धतीचे प्रशिक्षण मिळाले होते आणि त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये खुला केलेला पालक-प्रशिक्षण कार्यक्रमही याच तत्त्वावर उभा आहे. नऊ गटसत्रे आणि तीन गृहभेटी असे त्याचे स्वरूप असून, प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या व्यक्ती तो चालवू शकतात. थोड्या अवधीचे प्रशिक्षण देखरेखीच्या जोडीने उपकारक ठरू शकते. देखरेखच नसेल, तर तेच प्रशिक्षण अपुरे पडते.

पालकांनी काय विचारावे?

केंद्र निवडताना काही प्रश्न निःसंकोचपणे विचारायला हवेत. मुलासोबत प्रत्यक्ष कोण बसणार आणि त्या व्यक्तीची नोंदणी कोणत्या परिषदेकडे, कोणत्या वर्गात आहे? पुनर्वास परिषदेची नोंदणी तिच्या संकेतस्थळावर क्रमांकावरून पडताळता येते. सत्र घेणारी व्यक्ती शिकाऊ असल्यास तिच्यावर देखरेख कोण ठेवतो आणि तो तज्ज्ञ मुलाला प्रत्यक्ष किती वेळा पाहतो? उद्दिष्टे लेखी स्वरूपात आहेत काय आणि त्यांचा आढावा किती दिवसांनी घेतला जातो? पालकांना सत्र पाहू दिले जाते काय? मूल रडू लागले, नको म्हणाले, तर काय केले जाते?

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. मुलाला धरून ठेवणे, ओरडणे किंवा शिक्षा करणे हा उपचाराचा भाग असू शकत नाही. न बोलणारे मूल घरी येऊन काही सांगू शकत नाही. म्हणून त्याचा नकार ओळखणे आणि त्याचा मान राखणे हेही प्रशिक्षणाचेच अंग मानले पाहिजे. स्वमग्न प्रौढ व्यक्ती आज स्वतःच्या बालपणातील उपचारांविषयी उघडपणे बोलू लागल्या आहेत. मुलाला इतरांसारखे भासवण्याऐवजी त्याला व्यक्त होता यावे, हे उद्दिष्ट असावे, असा त्यांचा आग्रह आहे. 'खात्रीशीर बरे करू' असे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहणेच श्रेयस्कर. कारण स्वमग्नता हा बरा करण्याचा आजार नव्हे आणि हे प्रशिक्षित व्यक्तीला पक्के ठाऊक असते.

सरकारी पातळीवरही काही वाटा खुल्या आहेत. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद आहे आणि तेथे बालरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, वाचा-उपचारतज्ज्ञ व विशेष शिक्षक एका छताखाली असावेत, अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये मुंबईसह देशात १४ ठिकाणी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रे सुरू केली.

कायदा आहे, परिषदा आहेत, अभ्यासक्रमही आहेत. उणीव आहे ती या साऱ्यांना जोडणाऱ्या एका स्पष्ट नियमाची. स्वमग्न मुलासोबत काम करणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला, मग ती पदवीधर तज्ज्ञ असो वा अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेतलेली सहायक, नोंदणीकृत व्यावसायिकाची देखरेख बंधनकारक असावी. असा नियम होईपर्यंत चौकशीची जबाबदारी पालकांवरच येते. मुलाची पहिली काही वर्षे पुन्हा मिळत नाहीत. त्यामुळे नोंदणी क्रमांक मागण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. जाणकार थेरपिस्टला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट, पालक सजग आहेत याचे त्याला समाधानच वाटते.